वर्दी उतरल्यावर हाताला हुन्नर: अमेरिकेचा जीआय कायदा आणि त्याचे चार दरवाजे

सैन्यभरतीची तयारी करणारी मुले आमच्या वस्तीत पहाटे साडेचारपासून धावत असतात. त्यांच्याशी बसून बोलताना आम्ही एक प्रश्न हमखास विचारतो: "परत आल्यावर काय करणार?" बहुतेक जण हसतात. मग कुणीतरी म्हणतो, "काय, सिक्युरिटी गार्ड. नाहीतर बघू पुढचं पुढं."

या उत्तरामुळेच आम्हाला हा लेख लिहावासा वाटला. सैनिकाच्या शिक्षणावर सरकारने पैसा खर्च करावा आणि त्यातून त्याच्या हाताला कायमचे हुन्नर मिळावे, या कल्पनेचा सर्वांत मोठा प्रयोग अमेरिकेत झाला. 'जीआय बिल' या नावाने ओळखला जाणारा तो कायदा आजही वेगळ्या रूपात चालू आहे. त्यातून लाखो माजी सैनिक इलेक्ट्रिशियन, प्लंबर, वेल्डर, मेकॅनिक झाले. आणि त्याच कायद्यातून लाखो कृष्णवर्णीय सैनिक रिकाम्या हाताने परत गेले.

असे का झाले हे समजण्यासाठी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. सैनिकाला कारागीर होण्यासाठी चार दरवाजे ओलांडावे लागतात. पहिला पात्रतेचा, दुसरा शाळेतल्या प्रवेशाचा, तिसरा प्रत्यक्ष काम शिकण्याच्या जागेचा आणि चौथा नोकरीचा किंवा स्वतःच्या धंद्याचा. सरकारचा पैसा फार तर पहिले दोन दरवाजे उघडतो. उरलेल्या दोन दरवाजांच्या किल्ल्या कुणाच्या हातात आहेत, हा खरा प्रश्न आहे.

कायदा आला कुठून

पहिल्या महायुद्धात लढलेल्या अमेरिकन सैनिकांना १९२४ च्या कायद्याने बोनस मंजूर झाला होता, पण बहुतेकांना तो १९४५ मध्ये मिळणार होता. मध्येच महामंदी आली. १९३२ मध्ये हजारो बेकार माजी सैनिक बायकामुलांसह वॉशिंग्टनमध्ये तळ ठोकून बसले आणि बोनस आत्ताच द्या म्हणू लागले. सरकारने त्यांच्यावर सैन्यच घातले. त्यांच्या झोपड्या जळाल्या. देशासाठी लढलेल्यांना देशाच्याच सैन्याने हुसकावले, ही गोष्ट अमेरिका विसरली नाही.

दुसऱ्या महायुद्धात सुमारे १ कोटी ६० लाख अमेरिकन सैन्यात गेले. एवढी माणसे एकदम परत आली तर बेकारी उसळेल, ही भीती राज्यकर्त्यांना होती. 'अमेरिकन लीजन' या माजी सैनिकांच्या संघटनेने मसुदा तयार केला आणि २२ जून १९४४ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी कायद्यावर सही केली.

किमान ९० दिवस सेवा झालेली आणि सेवामुक्ती बदनामीची नसलेली, एवढीच मुख्य अट होती. शिक्षणासाठी वर्षाला ५०० डॉलरपर्यंत फी आणि पुस्तकांचा खर्च सरकार देणार होते. शिवाय घरखर्चासाठी एकट्या सैनिकाला महिना ५० डॉलर आणि कुटुंब असलेल्याला ७५ डॉलर ठरले. पुढे ही रक्कम वाढली. सेवेच्या कालावधीनुसार जास्तीत जास्त चार वर्षे शिकता येत होते. घर, शेती किंवा धंद्यासाठीच्या कर्जाला सरकारी हमी होती. काम मिळेपर्यंत जास्तीत जास्त ५२ आठवडे, आठवड्याला २० डॉलर बेकारी भत्ताही होता.

या कायद्याची गोष्ट सांगताना नेहमी कॉलेजांची गर्दी दाखवली जाते. आकडे वेगळे सांगतात. १९५६ पर्यंत सुमारे ७८ लाख माजी सैनिकांनी शिक्षणाचा लाभ घेतला. त्यांपैकी सुमारे २२ लाख कॉलेजात आणि विद्यापीठांत गेले. बाकीचे सुमारे ५६ लाख धंदेशिक्षणाच्या शाळांत, कारखान्यात काम करता करता किंवा शेतीवर शिकले. म्हणजे हा कायदा पदवीधरांपेक्षा कारागिरांचा जास्त होता. पदवीलाच शिक्षण मानणाऱ्या आपल्या समाजाने याची नोंद घ्यायला हवी.

कागदावर समान, गावात असमान

कायद्याच्या मजकुरात रंगाचा उल्लेख नव्हता. पण अंमलबजावणी राज्यांच्या आणि स्थानिक मंडळींच्या हातात राहिली. मिसिसिपीचे खासदार जॉन रँकिन तेव्हा संबंधित संसदीय समितीचे अध्यक्ष होते आणि ते उघड वर्णद्वेषी होते. केंद्राने राज्यांच्या कारभारात हात घालू नये, हा त्यांचा आग्रह होता. त्यांच्यासारख्या दक्षिणेतल्या खासदारांच्या मतांशिवाय कायदा पुढे सरकत नव्हता. त्यामुळे सल्लागार, शाळा, बँका आणि मालक हे सगळे गावातलेच राहिले.

पहिला दरवाजा पात्रतेचा. सैन्यातून बाहेर पडताना काही सैनिकांना निळ्या कागदावरची सेवामुक्ती दिली जाई. ती सन्मानाचीही नव्हती आणि बदनामीचीही नव्हती. पण माजी सैनिकांचे खाते बहुतेक वेळा अशा सैनिकाला लाभ नाकारत असे. डिसेंबर १९४१ ते जून १९४५ या काळात भूदलाने असे ४८,६०३ निळे कागद दिले. त्यांपैकी १०,८०६ कृष्णवर्णीयांच्या हाती पडले. भूदलात त्यांचे प्रमाण साडेसहा टक्क्यांच्या आसपास, आणि निळ्या कागदांत २२ टक्के. समलैंगिक असल्याच्या संशयावरूनही अनेकांना हाच कागद मिळाला. वरिष्ठाची मर्जी गेली की आयुष्यभराचा हक्क गेला.

दुसरा दरवाजा प्रवेशाचा. दक्षिणेत शाळा आणि कॉलेजे रंगानुसार वेगळी होती. कृष्णवर्णीयांच्या संस्था थोड्या आणि लहान होत्या. जागा आणि वसतिगृहे नसल्याने हजारो सैनिकांना परत पाठवावे लागले. हातात सरकारी पत्र होते, पण शाळेत जागा नव्हती.

तिसरा दरवाजा काम शिकण्याचा. कारखान्यात शिकायचे तर मालकाने ठेवून घ्यायला हवे. गोरा मालक कृष्णवर्णीय सैनिकाला सुतारकाम, वीजकाम, यंत्रकाम शिकायला घेत नसे. कसबी कामगारांच्या अनेक संघटनांनी आपली शिकाऊ उमेदवारी नातेवाईकांपुरती आणि ओळखीच्यांपुरती ठेवली होती. मुलगा बापाच्या जागी, पुतण्या काकाच्या हाताखाली. बाहेरच्याला शिरकाव नाही. बांधकाम क्षेत्रातली ही भिंत इतकी पक्की होती की ती फोडायला १९६९ मध्ये 'फिलाडेल्फिया प्लॅन' आणावा लागला. सरकारी बांधकामाचे कंत्राट हवे असेल तर अल्पसंख्य कामगार घेण्याची उद्दिष्टे ठेवा, असे त्यात ठेकेदारांना सांगितले गेले. युद्ध संपून तेव्हा २४ वर्षे झाली होती.

चौथा दरवाजा नोकरीचा. युद्धानंतर मिसिसिपीत सरकारी रोजगार कार्यालयाने माजी सैनिकांना शेतीबाहेरची जी कामे दिली, त्यांत कुशल आणि अर्धकुशल कामांपैकी ८६ टक्के गोऱ्यांना मिळाली. अकुशल कामांपैकी ९२ टक्के कृष्णवर्णीयांना मिळाली. सैन्यात ज्याने ट्रक दुरुस्त केले, त्याला गावात झाडू मिळाला. स्वतःचे वर्कशॉप काढावे तर कर्ज लागते. १९४७ मध्ये मिसिसिपीतल्या शहरांच्या पाहणीत घर, धंदा आणि शेतीसाठीच्या ३,२२९ हमी-कर्जांपैकी फक्त दोन कृष्णवर्णीयांना मिळालेली आढळली. हमी सरकारची असली तरी कर्ज द्यायचे की नाही, हे बँकच ठरवत होती.

यामागे धाकही होता. फेब्रुवारी १९४६ मध्ये सार्जंट आयझॅक वुडर्ड सेवामुक्त होऊन काही तासांतच, अंगावर वर्दी असताना, बसने घरी निघाले होते. दक्षिण कॅरोलिनात पोलिसांनी त्यांना मारहाण करून दोन्ही डोळ्यांनी आंधळे केले. ज्या गावात वर्दीतला कृष्णवर्णीय माणूस खुपतो, त्या गावात हातात कसब घेऊन बरोबरीने मजुरी मागणारा कृष्णवर्णीय किती खुपत असेल?

तरीही चित्र एकरंगी नाही. हजारो कृष्णवर्णीय सैनिकांनी मिळेल ती फट शोधून शिक्षण घेतलेच. नागरी हक्कांचे नेते मेडगर एव्हर्स हे युद्धावरून परतलेले सैनिक होते आणि त्यांनी अल्कॉर्न कॉलेजातून पदवी घेतली. या पिढीने पुढे नागरी हक्कांच्या चळवळीला बळ दिले. म्हणजे योजना फसवी नव्हती. ती अर्धवट होती.

फसव्या शाळांचा धंदा

सरकारी पैसा वाहू लागला तसे दुकानदार जमले. युद्धानंतर खासगी धंदेशाळा पावसाळ्यातल्या छत्र्यांसारख्या उगवल्या. काहींनी फी फुगवली, काहींनी गैरहजर मुलांची हजेरी लावली, काहींनी अशा कामांचे अभ्यासक्रम चालवले ज्यांना बाजारात मागणीच नव्हती. चौकशा झाल्या. १९५२ मध्ये कोरियन युद्धातल्या सैनिकांसाठी नवा कायदा आला तेव्हा दोन मोठे बदल केले गेले. पैसा शाळेऐवजी थेट सैनिकाच्या हातात महिन्याला दिला जाऊ लागला. आणि एखाद्या अभ्यासक्रमात ८५ टक्क्यांपेक्षा जास्त विद्यार्थी सरकारी पैशावरचे असू नयेत, असा नियम आला. त्यामागचा विचार सोपा आहे: स्वतःच्या खिशातून पैसे भरून कुणीच येत नसेल, तर त्या शाळेत काहीतरी खोट आहे.

हा नियम आजही आहे. तरीही फसवणूक थांबली नाही. देशभर शाखा असलेली 'आयटीटी टेक्निकल इन्स्टिट्यूट' सप्टेंबर २०१६ मध्ये एकाएकी बंद पडली आणि तिथे शिकणारे माजी सैनिक अधांतरी राहिले. त्यानंतरच्या वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि संस्था बंद पडल्यास वाया गेलेले महिने परत मिळण्याची सोय झाली.

आजचा कायदा हुन्नरासाठी काय देतो

आज मुख्यतः चालतो तो '९/११ नंतरचा जीआय कायदा'. तो २००८ मध्ये मंजूर झाला आणि १ ऑगस्ट २००९ पासून लागू झाला. याच्या आधीचा 'माँटगोमेरी जीआय कायदा' काही जणांना अजून लागू आहे. नव्या कायद्याचा गाभा असा:

साधारणपणे ३६ महिन्यांचे शिक्षण मिळते. किती टक्के लाभ मिळणार हे सेवेवर ठरते. ९० दिवसांच्या सेवेवर ५० टक्के, सहा महिन्यांनंतर ६०, दीड वर्षानंतर ७०, दोन वर्षांनंतर ८०, अडीच वर्षांनंतर ९० आणि तीन वर्षे झाली की १०० टक्के. सेवामुक्ती सन्मानाचीच लागते. जुना निळा कागद गेला, पण सन्मानाच्या खालच्या पायरीची सेवामुक्ती मिळालेल्याला आजही हा शिक्षणाचा लाभ मिळत नाही. त्याला आधी सेवामुक्तीचा दर्जा सुधारून घेण्यासाठी अर्ज करावा लागतो. १ जानेवारी २०१३ रोजी किंवा त्यानंतर सेवामुक्त झालेल्यांना लाभ वापरण्याची मुदत नाही. आज कारखान्यात लागलेला माणूस दहा वर्षांनीही शिकायला जाऊ शकतो.

हुन्नर शिकायचे असेल तर चार वाटा आहेत.

*पहिली वाट: धंदेशिक्षणाची शाळा.* वेल्डिंग, वातानुकूलन, वाहनदुरुस्ती, जड वाहन चालवणे असे पदवी नसलेले अभ्यासक्रम यात येतात. १०० टक्के पात्र असलेल्याची फी सरकार थेट शाळेला देते. त्याला वर्षाची कमाल मर्यादा आहे आणि ती दरवर्षी थोडी वाढते. शिवाय घरभत्ता मिळतो. तो शाळेच्या परिसरातल्या घरभाड्यावर ठरतो. पुस्तके आणि साहित्यासाठी महिना ८३ डॉलरपर्यंत मिळतात. सगळे शिक्षण ऑनलाइन घेतले तर घरभत्ता बराच कमी होतो.

*दुसरी वाट: शिकाऊ उमेदवारी.* यात सैनिक पहिल्या दिवसापासून कामावर असतो आणि मालक पगार देतो. इलेक्ट्रिशियन किंवा प्लंबरची उमेदवारी साधारण चार ते पाच वर्षांची असते. वर्षाला सुमारे २,००० तास काम आणि किमान १४४ तास वर्गातले शिक्षण, असा सर्वसाधारण हिशेब आहे. सरकार पगाराच्या वर घरभत्ता देते, तो उतरत्या भाजणीने. पहिले सहा महिने पूर्ण, पुढचे सहा महिने ८० टक्के, मग ६०, मग ४० आणि त्यानंतर शेवटपर्यंत २० टक्के. समजा एखाद्या शहरात पूर्ण घरभत्ता २,००० डॉलर आहे. मग पहिल्या सहामाहीत महिना २,०००, दुसरीत १,६००, तिसरीत १,२००, चौथीत ८०० आणि पुढे ४०० डॉलर मिळतील. शिकाऊ माणसाचा पगार सुरुवातीला कमी असतो आणि कसब वाढेल तसा वाढतो. सरकार सुरुवातीची तूट भरून काढते आणि हळूहळू हात काढून घेते. आम्हाला या साऱ्या कायद्यातली ही सर्वांत शहाणपणाची तरतूद वाटते. गरीब घरातला मुलगा उमेदवारी अर्ध्यात सोडतो ती बहुतेक वेळा पहिल्या वर्षात, कारण घरी पैसे द्यायचे असतात.

*तिसरी वाट: परवाना परीक्षा.* ज्याला सैन्यातच काम येत होते, त्याला शाळेची गरज नसते. त्याला हवा असतो नागरी परवाना. अशा मान्य परीक्षेची फी दर परीक्षेला २,००० डॉलरपर्यंत परत मिळते. नापास झाला तरी मिळते, पुन्हा बसला तरी मिळते. जितका लाभ वापरला, तेवढा शिल्लक महिन्यांतून वजा होतो.

*चौथी वाट: सेवेत अपंगत्व आलेल्यांसाठी.* यासाठी स्वतंत्र पुनर्वसन आणि रोजगार योजना आहे. तिच्यात समुपदेशक नेमला जातो आणि फीसोबत कामाची हत्यारे व साधनेही मिळू शकतात. पाठीला इजा झालेल्या माणसाला पाइप उचलण्याच्या कामाऐवजी काय झेपेल, याचा विचार तिथे होतो.

याशिवाय सेवेच्या शेवटच्या १८० दिवसांत, सैन्याचा पगार चालू असताना, बाहेरच्या कंपनीत काम शिकण्याची 'स्किलब्रिज' ही सोय आहे. आणि २००३ पासून 'हेल्मेट्स टू हार्डहॅट्स' हा उपक्रम माजी सैनिकांना बांधकाम संघटनांच्या उमेदवारीशी जोडून देतो. ज्या संघटनांचे दरवाजे पूर्वी बंद होते, तिथपर्यंत नेणारा हा पूल आहे. तिसऱ्या दरवाजासाठी कायद्याइतकीच अशा मध्यस्थांची गरज असते.

अर्ज करताना आणि निवडताना

अमेरिकेत राहणारे, ग्रीन कार्ड असलेले परदेशी नागरिकही तिथल्या सैन्यात भरती होऊ शकतात. त्यामुळे तिथे स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांतल्या मुलामुलींसाठीही ही माहिती कामाची आहे.

१. सेवामुक्तीचा दाखला, म्हणजे डीडी-२१४ हा फॉर्म, जपून ठेवावा. सगळे त्यावर अवलंबून आहे.

२. माजी सैनिक खात्याकडे २२-१९९० क्रमांकाचा अर्ज करावा. त्यावरून किती टक्के आणि किती महिने शिल्लक आहेत, हे सांगणारे पात्रतेचे पत्र मिळते.

३. शाळा किंवा मालक राज्याच्या मान्यता यंत्रणेने मंजूर केलेला आहे का, ते खात्याच्या तुलना-साधनावर पाहावे. शाळेच्या जाहिरातीवर विसंबू नये.

४. शाळेतल्या प्रमाणन अधिकाऱ्याला भेटावे. नोंदणी तोच खात्याला कळवतो. उमेदवारीत असाल तर दर महिन्याचे कामाचे तास वेळेवर पाठवावे लागतात. शाळेत असाल तर दर महिन्याला हजर असल्याची खातरी द्यावी लागते. लागोपाठ दोन महिने ती दिली नाही तर पैसे थांबतात.

५. वेगवेगळ्या काळात दोनदा सेवा झालेली असेल तर जुना आणि नवा असे दोन्ही लाभ मिळून ४८ महिन्यांपर्यंत शिकता येऊ शकते. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रुडिसिल खटल्यात हे स्पष्ट केले.

शाळा निवडताना तीन प्रश्न विचारावेत. शिकून झाल्यावर राज्याचा परवाना मिळतो का, की नुसते शाळेचे प्रमाणपत्र? गेल्या वर्षीची मुले आज कुठे कामाला आहेत? आणि हेच काम उमेदवारीतून पगार घेत शिकता येत असेल, तर मोलाचे महिने शाळेत का घालवावेत? ३६ महिने ही साठवलेली शिदोरी आहे. एकदा खाल्ली की परत मिळत नाही.

बाबासाहेबांचे मजूर खाते आणि तिसरा दरवाजा

हे सारे वाचताना आपल्याला आपलाच इतिहास आठवायला हवा, कारण तो याच काळातला आहे.

लष्करातल्या शिक्षणाने आपल्या समाजात काय घडवले, हे वेगळे सांगायला नको. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. महार सैनिकांच्या घरांत अक्षरे आली ती छावणीतल्या शाळेतून. म्हणूनच १९व्या शतकाच्या अखेरीस महारांची भरती बंद झाली तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांनी आणि पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी सरकारकडे अर्ज केले. त्यांना पगाराइतकीच शाळाही जाताना दिसत होती.

हातातल्या कसबाचा दरवाजा मात्र वेगळा आणि जास्त घट्ट होता. मुंबईच्या कापडगिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि विटाळाचे कारण पुढे केले जाई. विणकाम खात्यात मजुरी जास्त होती. म्हणजे विटाळ पगाराच्या दारात उभा होता. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर रोखठोक मांडला. मिसिसिपीतला कारखाना आणि परळमधली गिरणी यांच्यात समुद्र आहे, पण तिसऱ्या दरवाजावरचा पहारेकरी एकच आहे.

जुलै १९४२ ते १९४६ च्या मध्यापर्यंत बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. युद्धासाठी लागणारे तंत्रज्ञ तयार करण्याची प्रशिक्षण योजना त्यांच्याच खात्याकडे होती. ऑक्टोबर १९४२ मध्ये त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे जे निवेदन व्हाइसरॉयला दिले, त्यात विज्ञान आणि तंत्रशिक्षणाच्या शिष्यवृत्त्या मागितल्या. ते तिथेच थांबले नाहीत. सरकारी छापखाने आणि रेल्वेची वर्कशॉपे इथे आपल्या मुलांना शिकाऊ उमेदवार म्हणून घ्या, अशी मागणी त्यांनी केली. शिष्यवृत्ती हा दुसरा दरवाजा. वर्कशॉपातली जागा हा तिसरा. अमेरिकेतला कायदा यायला तेव्हा अजून दोन वर्षे होती, आणि त्यातली उणीव कुठे राहील हे या निवेदनाने जणू आधीच दाखवून दिले होते.

जुलै १९४५ मध्ये, बाबासाहेब मजूर खाते सांभाळत असतानाच, युद्धावरून परतणारे सैनिक आणि युद्धकामावरून सुटलेले कामगार यांच्यासाठी 'पुनर्वसन आणि रोजगार महासंचालनालय' सुरू झाले. रोजगार विनिमय केंद्रांचे आणि कारागीर प्रशिक्षणाचे जाळे त्यातून वाढले. १९५० मध्ये सुरू झालेली कारागीर प्रशिक्षण योजना, म्हणजे आपली आजची आयटीआय, याच वाटेवरची आहे. गावातला पोरगा फिटर किंवा वायरमनच्या ट्रेडला प्रवेश घेतो, तेव्हा तो माजी सैनिकांसाठी सुरू झालेल्या विचाराचाच लाभ घेत असतो.

आता आपण काय करायचे

आपल्याकडे माजी सैनिकांसाठी संरक्षण मंत्रालयाच्या पुनर्वसन महासंचालनालयाचे अभ्यासक्रम आहेत, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये आहेत, राज्याच्या नोकऱ्यांत समांतर आरक्षण आहे. पण २०२२ च्या अग्निपथ योजनेने गणित बदलले. चार वर्षांनंतर जास्तीत जास्त २५ टक्के अग्निवीर कायम होतील. बाकीचे ऐन पंचविशीच्या आसपास, सुमारे पावणेबारा लाखांचा सेवा निधी घेऊन आणि पेन्शनशिवाय घरी येतील. रोख रक्कम घरातल्या लग्नात, कर्जात, बांधकामात कशी विरघळते, हे आम्ही वस्तीत रोज पाहतो. जीआय कायद्याचा पैसा शिकण्यालाच बांधलेला होता, म्हणून तो टिकला. आपल्या मुलांना ही बांधणी स्वतःच करावी लागेल.

कार्यकर्त्यांना आमची विनंती अशी:

भरतीला निघालेल्या प्रत्येक मुलाशी जाण्याआधीच ट्रेडबद्दल बोला. सैन्यात कोणते काम शिकायला मिळेल, त्याचे प्रमाणपत्र बाहेर चालेल का, हे विचारायला त्याला शिकवा.

सेवेतली आणि प्रशिक्षणाची कागदपत्रे, प्रमाणपत्रे, सेवामुक्तीचा दाखला यांच्या प्रती घरी ठेवायला सांगा. निळ्या कागदाने काय केले, ते वर वाचलेच आहे.

तुमच्या तालुक्यातल्या आयटीआयचे प्राचार्य, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आणि औद्योगिक वसाहतीतले आपल्या समाजाचे लहान-मोठे उद्योजक यांना एकदा एका खोलीत बसवा. शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ पासून आहे. कोणत्या कारखान्यात आपली किती मुले उमेदवार म्हणून आहेत, हे माहितीच्या अधिकारात विचारता येते त्या सरकारी आस्थापनांपासून मोजायला सुरुवात करा.

आणि आपल्यातला जो इलेक्ट्रिशियन, जो फॅब्रिकेटर, जो मोटार मेकॅनिक आज स्वतःच्या पायावर उभा आहे, त्याला एकच विचारा: तुझ्या हाताखाली यंदा कोण शिकतोय? कसबी संघटनांनी तिकडे आपल्या पुतण्यांसाठी दरवाजे बंद केले. आपल्या वर्कशॉपचा दरवाजा आपण वस्तीतल्या मुलासाठी उघडा ठेवू शकतो. त्याला कुठल्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही.

पुढच्या भरतीला मुले पुन्हा पहाटे धावतील. "परत आल्यावर काय?" हा प्रश्न आम्ही पुन्हा विचारू. त्यांच्यापैकी एकाने जरी "वेल्डिंगचा परवाना काढणार, जागा बघून ठेवलीय" असे म्हटले, तरी या लेखाचे काम झाले.

जय भीम.